छोटा सिलिंडर रिफिल होत नाही? व्हॉल्व्हला दोष देण्याआधी या सहा गोष्टी तपासा



पावसाळा जवळ आला की माझ्या दुकानात एक ठरलेला प्रश्न येतो. माझं दुकान स्टॉलवाल्यांच्या सामानाचं. शेगड्या, कढया, पेपर प्लेट, चहाचे कप. समोरचा माणूस पिशवीतून छोटा सिलिंडर काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "दादा, हा कुठेच भरून देत नाहीत. व्हॉल्व्ह गेला असेल का?"

बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ठणठणीत असतो. घोटाळा दुसरीकडेच असतो.

आपल्या मावळात हा प्रश्न किरकोळ नाही. भुशी डॅम, लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट, कार्ल्याची एकवीरा, लोहगडवाडी, पवनेच्या काठचे टेंट, सगळीकडे चहा, भजी, मॅगी आणि कणीस. जून ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार म्हणजे अनेकांची वर्षाची अर्धी कमाई. त्यात शनिवारी दुपारी ४ वाजता गॅस संपला आणि टाकी कुणी बदलून देईना, तर समोर उभं असलेलं गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जातं. म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करू: रिफिल म्हणजे भरणं नाही, बदलणं

यूट्यूबवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून आपला गोंधळ होतो. तिकडे माणूस स्वतःची प्रोपेनची टाकी घेऊन पंपावर जातो, ती तिथेच भरून घेतो आणि घरी आणतो. म्हणून तिथे टाकी भरत नसेल तर व्हॉल्व्ह तपासतात.

आपल्याकडे तशी पद्धत नाही. एजन्सीवाला तुमची टाकी भरत नाही. तो रिकामी टाकी घेतो आणि बॉटलिंग प्लांटमधून भरून, सील होऊन आलेली दुसरी टाकी देतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवाना असलेल्या जागेशिवाय कुठेही सिलिंडर भरता येत नाही. हा परवाना पेसो ही केंद्र सरकारची संस्था देते, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

याचा धंद्याच्या दृष्टीने अर्थ काय? तुमची टाकी ही वस्तू कमी आणि कूपन जास्त आहे. ज्या कंपनीचं कूपन, ती कंपनीच ते घेणार. कुणीच घेत नसेल, तर टाकी कितीही चकाचक असली तरी ती लोखंडाचा डबा आहे. म्हणून "टाकीत काय बिघाड आहे" हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, "ही टाकी कोणाची आहे?"

आता एकेक गोष्ट बघू. हाच क्रम ठेवा.

१. टाकीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे?

५ किलोच्या छोट्या टाक्या तिन्ही सरकारी कंपन्या विकतात. इंडियन ऑइलची 'छोटू', भारत गॅसची 'मिनी' आणि एचपी गॅसची 'अप्पू'. शिवाय सुपरगॅस, गो गॅस अशा खासगी कंपन्याही आहेत. एका कंपनीची टाकी दुसरीच्या एजन्सीत नेली तर तो "नाही" म्हणणारच. त्यात त्याचा आडमुठेपणा नाही, त्याच्या प्लांटमध्ये ती टाकी परत घेतच नाहीत.

आणि टाकीवर कंपनीचं नावच नसेल, नुसता रंग मारलेला असेल, वर थेट बर्नर बसवायची सोय असेल, तर ती बाजारातली सुटी टाकी आहे. तिच्यामागे बदलून देणारी यंत्रणाच नाही. तिचं काय करायचं ते पुढे सांगतो.

२. टाकी कनेक्शनची आहे की एफटीएल?

इथे पुष्कळ लोक अडकतात. ५ किलोच्या टाक्या दोन प्रकारे मिळतात. एक, घरगुती कनेक्शनवरची. तिला ग्राहक क्रमांक असतो आणि ती त्याच एजन्सीत, त्याच नावावर बदलून मिळते. दुसरी एफटीएल, म्हणजे फ्री ट्रेड एलपीजी. ही योजना ऑक्टोबर २०१३ मध्ये आधी मोठ्या शहरांतल्या पेट्रोल पंपांवर सुरू झाली. हिला कनेक्शन लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र दाखवलं की मिळते. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर आणि काही किराणा दुकानांतही ठेवतात. दर बाजारभावाचा, सबसिडी नाही.

आता समजा, तुमच्या मावशीच्या नावावरची घरगुती ५ किलोची टाकी तुम्ही स्टॉलवर आणली आणि लोणावळ्यातल्या दुसऱ्याच एजन्सीत नेली. ती बदलून मिळणार नाही. आणि घरगुती गॅस धंद्याला वापरणं हा २००० सालच्या एलपीजी आदेशाप्रमाणे गुन्हाच आहे. लाल १४.२ किलोची टाकी घरासाठी, निळी १९ किलोची धंद्यासाठी, हे तुम्हाला माहीत असतं. छोट्या टाकीलाही तोच नियम लागू आहे, हे मात्र विसरायला होतं. स्टॉलसाठी एफटीएल किंवा १९ किलोची कमर्शियल, हे दोनच सरळ रस्ते.

कुठली आहे ते कळत नसेल तर खरेदीचं बिल काढा. बिलावर ते लिहिलेलं असतं. बिल हरवलं असेल तर जिथून घेतली त्याच ठिकाणी आधी जा.

३. टेस्टची तारीख उलटून गेली आहे का?

टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे म्हणजे साल. 'डी-२७' लिहिलं असेल तर ती टाकी डिसेंबर २०२७ पर्यंत चालेल, त्यानंतर तिची दाबाची चाचणी व्हायला हवी.

ही गॅसची एक्स्पायरी नाही, टाकीच्या चाचणीची मुदत आहे. नवीन टाकीची पहिली चाचणी १० वर्षांनी आणि नंतर दर ५ वर्षांनी करतात. चालू कंपनीची टाकी असेल तर ही चाचणी कंपनीचं काम आहे, तुमचं नाही. पण टाकी घेताना मुदत संपलेली दिली तर तिथेच परत करा. "चालतंय हो, काही होत नाही" हे ऐकून घेऊ नका.

४. टाकी ठोकलेली, गंजलेली किंवा गळकी आहे का?

पावसात, चिखलात ठेवलेल्या टाकीची खालची कड आधी गंजते. टेम्पोतून फेकाफेकी झाली की वरचं कडं वाकतं. अशी टाकी एजन्सीवाला हातात घेऊन फिरवून बघतो आणि बाजूला ठेवतो, कारण प्लांटमध्ये ती लाइनमधून काढून टाकतात. दुरुस्ती स्वतः करायची नाही. वेल्डिंग तर मुळीच नाही. रिकामी म्हणतो त्या टाकीतही गॅस उरलेला असतो.

रेग्युलेटर लावल्यावर वास येत असेल तर व्हॉल्व्हच्या आतला रबरी वायसर गेलेला असू शकतो. साबणाचं पाणी लावून बघा, फुगे आले की गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यात जाऊ नका. रेग्युलेटर काढा, टाकीबरोबर दोऱ्याला बांधलेली सुरक्षा टोपी दाबून बसवा, टाकी उघड्यावर न्या आणि एजन्सीला किंवा १९०६ या हेल्पलाइनला फोन करा. म्हणूनच ती टोपी आणि दोरा कापून फेकू नका.

५. टाकी खरंच रिकामी आहे का?

हा मुद्दा नीट वाचा. पावसाळ्यात टायगर पॉइंटवर "गॅस संपला" म्हणून खाली आणलेल्या टाकीत बऱ्याचदा दीड-दोन किलो गॅस शिल्लक असतो. आणि लोक काय म्हणतात? "रिफिलच कमी भरली होती."

होतं काय ते बघा. टाकीत गॅस पातळ रूपात असतो. शेगडीला जाते ती त्याची वाफ. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती टाकीतल्या पातळ गॅसमधून आणि आजूबाजूच्या हवेतून येते. छोट्या टाकीवर तुम्ही वड्याची मोठी भट्टी लावली की वाफ झपाट्याने ओढली जाते, टाकी गार पडते, आतला दाब उतरतो आणि ज्योत मरगळते. टाकीच्या खालच्या भागावर पाणी सुटतं, कधी बर्फासारखा पांढरा थर दिसतो. त्यात आपलं लोणावळं समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर, वारा आणि धुकं. टाकीला ऊब मिळणार कुठून?

दुसरी गोष्ट म्हणजे आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वाफ होतो, ब्युटेनला मात्र शून्याच्या आसपास तापमान लागतं. टाकी वापरताना प्रोपेन आधी निघून जातो आणि मागे ब्युटेन जास्त उरतो. म्हणून टाकीचा शेवटचा भाग थंडीत आणखी मंद जळतो.

हे ओळखायचं कसं? टाकी हलवून नाही, वजन करून. प्रत्येक टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं. समजा ते ७.२ किलो आहे आणि काट्यावर ९ किलो आलं, तर १.८ किलो गॅस आत आहे. संपलेला नाही, थंडावलेला आहे.

उपाय सोपे आहेत. छोट्या टाकीवर छोटाच बर्नर लावा. ओल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. दोन टाक्या आलटून पालटून वापरा, म्हणजे एक काम करताना दुसरी पुन्हा हवेच्या तापमानाला येते. आणि तीन गोष्टी कधीही करू नका: टाकीवर गरम पाणी ओतणं, टाकीखाली किंवा शेजारी जाळ करणं आणि टाकी आडवी करणं. आडव्या टाकीतून पातळ गॅस थेट पाइपमध्ये येतो आणि शेगडीवर भडका उडतो.

पवनेकाठच्या कॅम्पवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. टाकीवर थेट बर्नर बसवलेला असेल तर वारा अडवायला चारी बाजूंनी पत्रे लावू नका. उष्णता खाली टाकीवर येते. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो टेंटमध्ये आणि खड्ड्यात साचतो. टेंटच्या आत टाकी नको म्हणजे नको.

६. अडचण टाकीची आहे की दुकानाची?

सगळं बरोबर असूनही टाकी मिळत नाही, तेव्हा कारण साधं असतं: भरलेली टाकी शिल्लक नाही. लाँग वीकेंडच्या आधी सगळेच धावतात. कमी गॅस आल्याची शंका असेल तर टाकी घेतानाच काट्यावर ठेवायला सांगा, ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे. ७.२ किलोची टाकी भरलेली १२.२ किलो यायला हवी. सीलही तिथेच बघा. घरी नेऊन केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

"कुणीच घेत नाही" अशी टाकी असेल तर?

मग मोह होतो. कुणीतरी सांगतं, अमक्या गल्लीत मोठ्या टाकीतून छोटीत भरून देतात. इथेच थांबा.

तिथेही लोकांची तक्रार असते, "अर्धीच भरते." कारण दोन्ही टाक्यांतला दाब सारखा झाला की गॅस पुढे सरकत नाही. मग भरणारा जबरदस्तीचे उद्योग करतो. प्लांटमध्ये वजन करून भरतात आणि टाकीत वाफेसाठी मुद्दाम जागा सोडतात. गल्लीत ना काटा, ना अंदाज. टाकी काठोकाठ भरली आणि उन्हात किंवा भट्टीजवळ तापली, तर आतला पातळ गॅस फुगतो आणि त्याला जायला जागाच नसते. पुढचं सांगायला नको.

लांबचं उदाहरण शोधायची गरज नाही. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवड्यात टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरला जात होता. आग लागली, सिलिंडर एकामागोमाग फुटले आणि शेजारी उभ्या असलेल्या स्कूल बस जळाल्या. दिवसा ही घटना घडली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. आणि तुमचा स्टॉल कुठे असतो? गर्दीत. समोर लहान मुलं कणीस खात असतात.

कायद्याचंही ऐकून ठेवा. एलपीजी आदेश मोडणं हा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. ५०-१०० रुपये वाचवण्यासाठी हे ओढवून घ्यायचं का?

मग त्या टाकीचं करायचं काय? कंपनीचं नाव असेल तर त्याच कंपनीच्या एजन्सीत जमा करा. नाव नसेल तर जिथून घेतली त्या दुकानदाराला परत घ्यायला सांगा. तो नाही म्हणाला तर एजन्सीत किंवा अग्निशमन दलाकडे विचारून ती कुठे द्यायची ते ठरवा. तशीच भंगारात टाकू नका, भोक पाडू नका, कापू नका. कापणारा माणूस गरीब भंगारवाला असतो आणि जीव त्याचा जातो.

आता धंद्याचं गणित

नवीन मुलं मला विचारतात, "दुसरी टाकी घेऊन पैसे कशाला अडकवायचे?" वही काढा.

सकाळी टाकीचं वजन, रात्री टाकीचं वजन. फरक म्हणजे आजचा गॅस. समजा फरक १.५ किलो आला आणि तुमची ५ किलोची रिफिल ६०० रुपयांना पडते. म्हणजे किलोला १२० रुपये, आजचा गॅस १८० रुपयांचा. आज १२० प्लेट गेल्या असतील तर प्लेटमागे दीड रुपया. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या एजन्सीचा आजचा दर टाका.)

आता उलटं बघा. शनिवारी गॅस संपला आणि ६० प्लेट बुडाल्या. प्लेटमागे २० रुपये सुटत असतील तर १,२०० रुपये गेले. अशा दोन-तीन संध्याकाळी वाचल्या की दुसऱ्या टाकीचा खर्च निघाला. टाकी विकत घेणं हा खर्च वाटतो, पण तो खरं तर तुमच्या शनिवारचा विमा आहे.

आठवडाभर वही ठेवलीत की आणखी एक गोष्ट कळेल. रोजचा वापर दोन किलोच्या वर जात असेल तर छोटी टाकी तुमच्यासाठी नाही. १९ किलोच्या कमर्शियलचा किलोमागचा दर काढा आणि ५ किलोच्या दराशी ताडून बघा. छोटी टाकी राखीव ठेवा. एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला पेसोचा परवाना लागत नाही, त्यामुळे एक मोठी आणि दोन छोट्या ठेवायला हरकत नाही. जागा मात्र हवेशीर हवी.

टाकी घेण्याआधी विचारायचे प्रश्न

हे पाच प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा:

१. ही टाकी एफटीएल आहे का, आणि बिल मिळेल का?
२. माझ्या स्टॉलपासून सगळ्यात जवळ ती कुठे बदलून मिळेल? (वडगाव, कामशेत की लोणावळा, नक्की ठिकाण विचारा.)
३. शनिवार-रविवारी ते ठिकाण किती वाजेपर्यंत उघडं असतं?
४. यासोबत कोणता रेग्युलेटर लागतो? तो इथूनच मिळेल का?
५. धंदा बंद केला तर टाकी परत घेता का, आणि किती पैसे देता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर टाकी कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका.

जाता जाता वाहतुकीबद्दल. पुणे-लोणावळा लोकलमध्ये गोणीत गुंडाळून टाकी नेणारे मी पाहिलेत. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे प्रवासात धोकादायक सामान नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कायदा बाजूला ठेवा, भरलेल्या डब्यात गळकी टाकी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टेम्पोत न्या, उभी न्या, बांधून न्या, खिडकी उघडी ठेवा.

या आठवड्याचं काम एवढंच: तुमची टाकी उचला, तिच्यावरचं कंपनीचं नाव, टेस्टची तारीख आणि रिकामं वजन या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. यातली एक जरी सापडली नाही, तरी पहिला मोठा पाऊस यायच्या आत टाकी बदलायच्या तयारीला लागा.